बर्फावर आनंद झाला किंवा कसे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रस्तुत लेखक चेअरलिफ्टच्या खुर्चीला जॅकेटच्या पट्ट्याने लटकला. पायांत स्की होत्या. खाली बर्फ होता. मधलं अंतर साधारण दीड पुरुष. जखमी कोणी नाही. घटनेच्या वेळी पत्नी, कन्या, सासरे आणि स्की शिकायला आलेली बरीच अनोळखी मंडळी हजर होती. अनोळखी मंडळींपैकी एकानेही सभ्यपणे तोंड फिरवलं नाही.

वर्तमानपत्रात उमेद गेली की बातमी अशीच लिहिता येते. काय झालं, कुठे झालं, किती जखमी. का झालं, हे उपसंपादक शेवटच्या परिच्छेदात ढकलतो आणि जागा कमी पडली की पहिल्यांदा तेच कापतो. माझ्याकडे सध्या जागेची अडचण नाही. माझी शुक्रवारची जागा दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि मला वेळच वेळ आहे. म्हणून का झालं, तेही सांगतो.

मी आमच्या दैनिकात दर शुक्रवारी चित्रपट परीक्षण लिहितो. म्हणजे लिहीत असे. सुट्टीत बर्फावर गेलेल्या एका कुटुंबाचा चित्रपट आला होता. बाप, आई, दोन मुलं, एक आजोबा. पहिल्या दृश्यात सगळे गाडीत गात असतात, शेवटच्या दृश्यात सगळे एकाच रंगाचे स्वेटर घालून शेकोटीभोवती बसतात, आणि मधले दोन तास पडत असतात. पडले की हसतात. बाप चेअरलिफ्टला लोंबकळतो, तोही हसतो. मी लिहिलं: ‘दोन तास बर्फात घालवूनही या कुटुंबात कोणाचं नाक वाहत नाही, कोणाचा मोजा ओला होत नाही आणि कोणालाही लघवीला लागत नाही. तापमान शून्याखाली आणि वातावरण मात्र वाढदिवसाचं. लोंबकळणारा बाप असा बत्तीशी दाखवणार असेल, तर दिग्दर्शकाने टूथपेस्टच्या जाहिराती कराव्यात. कुटुंबांच्या वाटेला जाऊ नये.’

वाक्य चांगलं होतं. अजूनही चांगलं आहे, हे मी आताच नोंदवून ठेवतो.

दिग्दर्शकाने संपादकांना फोन केला. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“बर्फ पाहिलाय का तुम्ही?”

“पाहिलाय की.”

“कुठे?”

“साहेब, मुद्दा तो नाही. मुद्दा चित्रपटाच्या—”

“कुठे?”

“फ्रीजरमध्ये.”

आमच्या संपादकांचा एक जुना नियम आहे: जिथे स्वतः उभे राहिला नाहीत, तिथलं लिहायचं नाही. हा नियम त्यांनी एका वार्ताहरामुळे केला. त्याने घरबसल्या एका गोदामाच्या आगीचं डोळ्यांत पाणी आणणारं वर्णन लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गोदामाचे मालक दोन्ही हात कमरेवर ठेवून धडधाकट गोदामासमोर फोटोसाठी उभे होते. हा नियम चित्रपटांना कसा लागू होईल, असं मी विचारलं. खुनाच्या चित्रपटाआधी मी खून करायचा का?

“ते पुढचं पुढे बघू,” संपादक म्हणाले. “आधी बर्फावर जाऊन या. कुटुंब घेऊन जा. तुम्ही म्हणता तसं तिथे कोणी हसत नसेल तर चित्रण करून आणा, मी ते आपल्या वेबसाइटवर लावतो आणि दिग्दर्शकाला पाठवतो. हसत असतील तर परीक्षण मागे घ्या. तोवर शुक्रवार क्रीडा प्रतिनिधी सांभाळेल.”

क्रीडा प्रतिनिधीने पहिल्याच शुक्रवारी लिहिलं: ‘पूर्वार्धात नायिकेने सामन्यावर पकड घेतली होती. मध्यंतरानंतर संवादलेखक दमला. पण अखेरच्या क्षणी बापाने विजय खेचून आणला.’ मला हसू आलं. सोमवारी एका वाचकबाईंचा फोन आला, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा परीक्षण वाचून चित्रपट कसा आहे ते समजलं. फोन मीच उचलला होता. हसू गेलं.

आता जाणं भाग होतं. मी कामगिरीवर जात असल्याचा अर्ज प्रशासन विभागात दिला. प्रशासन अधिकारी म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी वाचणारा माणूस, मागची बाजू कोरी असली तरी.

“बरोबर कोण?”

“कुटुंब.”

“मग ही सहल झाली. सहल म्हणजे रजा.”

“पण मला संपादकांनी पाठवलंय.”

“कुठेही पाठवोत. तिथे तुम्हाला आनंद होणार का?”

“अजिबात नाही. तोच तर विषय आहे.”

“तसं लिहून द्या.”

मी लिहून दिलं. ‘सदर प्रवासात मला कोणत्याही प्रकारचा आनंद होणार नाही, याची मी हमी देतो.’ त्यांनी खाली पेन्सिलने ‘कुटुंबालाही?’ असं लिहून कागद परत केला. मी ‘कुटुंबालाही’ घातलं. शिक्का बसला.

घरी सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ती आधी विधान मांडते आणि मग समोरच्याला सिद्ध करायला लावते.

“म्हणजे इतक्या वर्षांनी आम्हाला कुठेतरी न्यायचं, आणि तेही आम्हाला मजा आली नाही हे दाखवायला.”

“अगदी तसं नाही.”

“मग कसं?”

“आली तर आली. पण आली नाही तर लपवायची नाही, एवढंच.”

“ती आम्ही कधी लपवली?”

मुलगी कॉलेजात जाते. चित्रणाचं काम तिने घेतलं. मी तिला नियम समजावून सांगितले. अभिनय नको. पुन्हा पडायला लावायचं नाही. आणि मुख्य म्हणजे एकही कट नको. कट आला की लबाडी आली. मधलं काय कापलं ते प्रेक्षकाला कधीच कळत नाही.

“एकही नको? नक्की, बाबा?”

“एकही.”

“बघ हं.”

मग शेजाऱ्यांना कळलं. आमच्या मजल्यावर एक दंतवैद्यबाई राहतात. त्यांनी जिन्यातच माझा जबडा धरून सांगितलं की थंडीत तोंड मिटलेलं ठेवा, नाहीतर दातात भरलेलं सगळं निघून हातात येईल. वरच्या मजल्यावरचे कर्नल आयुष्यभर विमा कंपनीत होते; कर्नल हे नाव त्यांना मिशांमुळे पडलं आणि नंतर आवाजाने ते निभावून नेलं. त्यांनी स्वतःचं नारिंगी जॅकेट आणून दिलं. माझ्यासारखे दोन त्यात मावले असते. पाठीवर एक जाड पट्टा शिवलेला होता.

“हा कशाला, कर्नल?”

“कोसळलात तर ओढून काढायला. हा पट्टा आहे म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे.”

कर्नलही कधी बर्फावर गेले नव्हते, हे मला परत आल्यावर समजलं.

सासऱ्यांना आम्ही बोलावलं नव्हतं. बायकोने त्यांना फोनवर सहज सगळं सांगितलं आणि त्यात लिफ्ट हा शब्द आला. अप्पा सरकारी खात्यात लिफ्ट निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कोणत्याही लिफ्टमध्ये आत लावलेलं प्रमाणपत्र वाचल्याशिवाय ते पाऊल ठेवत नाहीत. स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी स्ट्रेचर लिफ्टच्या दारात थांबवून चष्मा मागितला होता. ते म्हणाले, “उघड्यावरची लिफ्ट? मी येतो.”

आता बर्फ. बर्फ पांढरा असतो आणि ओला असतो. पहिली गोष्ट चित्रपटात दिसते.

स्की भाड्याने देणाऱ्या काउंटरवर रांग होती. तिथला माणूस प्रत्येकाला मोठ्याने वजन विचारत होता. वजनाप्रमाणे स्कीचा खटका बसवतात म्हणे. पडलात की बूट वेळेवर सुटायला हवा.

“ताई, वजन?”

“बासष्ट,” बायको म्हणाली.

इथे माझ्यातला वास्तववादी पुढे आला. “एकाहत्तर,” मी म्हणालो. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे जशी नजर टाकली, तशी लोक अपघाताच्या जागेकडे टाकतात.

“अहो, खटका चुकीचा बसला तर पाय तुझाच जाईल,” मी तिला समजावलं. ‘अहो’ म्हणण्याची माझी ही पहिलीच वेळ होती, यावरून मी किती घाबरलो होतो ते समजेल.

“तुमचं?” माणसाने मला विचारलं.

“ऐंशी.”

गणित शिकवणारी बाई आकडा ऐकून गप्प राहते, तेव्हा तो तिने सोडून दिलेला नसतो.

बूट म्हणजे सिमेंटच्या दोन बादल्या. त्यांत पाय घालताना माझं आणि बायकोचं जे भांडण झालं, ते चित्रपटात असतं तर मी त्याला चार तारे दिले असते. रस्सीखेच, आरोप, जुनी प्रकरणं, सगळं. पुरावा हाच! मी मुलीला हाक मारली, “हे घे, हे घे!” तिने मोबाईल आमच्याकडे वळवला.

आणि आम्ही दोघं हसलो. खांद्याला खांदा लावून, मान किंचित कलती करून, दात दाखवून.

“अरे, हसू नका!” मी ओरडलो. मुलीने चित्रण दाखवलं. ‘हसू नका’ म्हणतानाही मी हसत होतो.

आमच्या घराण्याचं हे दुखणं मला तोवर माहीत नव्हतं. कॅमेरा दिसला की आमचे ओठ आपोआप फाकतात. आठवून पाहिलं तर घरात पाच जाडजूड अल्बम आहेत आणि त्यांत एकही माणूस रागावलेला नाही. त्यांतल्या एका समुद्राकाठच्या फोटोत आम्ही तिघं भान हरपून हसतोय. त्याआधी मी गाडीची किल्ली वाळूत हरवली होती आणि त्यानंतर बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. ज्या माणसाने जन्मभर चित्रपटातल्या खोट्या हसण्यावर कोरडे ओढले, त्याच्या कपाटात पाच खंड भरून तेच होतं. मी हे बायकोला सांगितलं.

“मग काय रडके फोटो काढायचे होते?” ती म्हणाली. “बूट दाबा आता.”

एव्हाना अप्पा चेअरलिफ्ट चालवणाऱ्याच्या खोलीपाशी पोचले होते. आम्ही रांगेत उभे होतो. या लिफ्टला खुर्ची मागून येते, आपण वाकून उभं राहायचं आणि ती आली की बसायचं; ती थांबत नाही. माझी पाळी आली तेव्हा मला अप्पांचा आवाज ऐकू येत होता.

“प्रमाणपत्र कुठे लावलंय?”

“काका, रांग आहे.”

“काका नाही. निरीक्षक.”

“कुठले निरीक्षक?”

“निवृत्त.”

प्रमाणपत्र कॅलेंडरच्या मागे होतं. अप्पांनी कॅलेंडर उचललं. प्रमाणपत्राची मुदत गेल्या महिन्यात संपली होती. नेमकं त्याच वेळी माझी खुर्ची आली. मी वाकलो, जरा जास्तच वाकलो, खुर्ची बुडाखाली येण्याऐवजी पाठीवर आली आणि कर्नलच्या जॅकेटचा पट्टा तिच्या दांड्यात अडकला. खुर्ची मला घेऊन वर निघाली. अशी थोडी वर जाऊन ती पुढच्या मऊ चढावर मला हळूच टेकवणार होती, असं मला नंतर तिथल्या माणसाने सांगितलं. पण अप्पांचा हात लाल बटणावर पडला होता. “मुदत संपलेली लिफ्ट चालू राहते तरी कशी!” ते म्हणाले, आणि लिफ्ट चालू राहिली नाही.

ती पुन्हा सुरू करायची तर वरिष्ठांची सही लागते. वरिष्ठ डोंगराच्या वरच्या टोकाला होते. तिथून खाली यायचे मार्ग दोन, चेअरलिफ्ट किंवा स्की. चेअरलिफ्ट बंद होती आणि वरिष्ठांना स्की येत नव्हतं; ते प्रशासनातून आले होते.

मी लटकत होतो. नाक वाहत होतं. उजवा मोजा ओला होता. लघवीला लागली होती. माझ्या परीक्षणातलं अक्षर न् अक्षर खरं ठरत होतं आणि ते चित्रित करायला माझी मुलगी बरोबर माझ्याखाली येऊन उभी राहिली होती. समीक्षकाच्या आयुष्यात असा क्षण क्वचित येतो.

“बाबा, इकडे बघ!”

मी बघितलं. ओठ फाकले. मी ते मिटायचा जिवापाड प्रयत्न केला. ते आणखी फाकले.

“जावईबापू!” खालून अप्पांनी विचारलं. “भार किती? खुर्चीवर क्षमतेची पाटीच नाही!”

“ऐंशी, अप्पा!”

“अठ्ठ्याऐंशी!” बायकोचा आवाज आला. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. सगळ्या उताराने तो ऐकला. “अठ्ठ्याऐंशी, अप्पा! काउंटरवर आठ किलो लपवलेत!”

तेवढ्यात पट्ट्याची शिवण सुटली. मी मुलीच्या शेजारी बर्फात पडलो, स्की तिच्या हाताला लागली, मोबाईल बर्फात गेला. पुढचं चित्रण पांढरं आहे.

आम्ही परत आलो. मुलीने लटकण्याचा भाग आपल्या मित्रमैत्रिणींना पाठवला. कट केला नव्हता. फक्त पांढरं सुरू होतं तिथे थांबवला होता आणि मूळ आवाजाच्या जागी गाणं टाकलं होतं. गाण्याबद्दल मी नियम केलेला नव्हता. दोन दिवसांत ते इमारतीत सगळ्यांनी पाहिलं. कर्नल म्हणाले, “पट्ट्याने तारलं की नाही?” दंतवैद्यबाईंनी विचारलं, त्यातला एक फोटो दवाखान्यात लावू का? मी काही बोलायच्या आत बायको हो म्हणाली. आता त्यांच्या दवाखान्यात, वाट बघणाऱ्यांच्या बाकासमोर, मी नारिंगी जॅकेटमध्ये आकाशात लटकून बत्तीशी दाखवतोय आणि खाली लिहिलंय: ‘हसा, कुठेही असा.’ टूथपेस्टची जाहिरात म्हणतात ती हीच.

ऑफिसातही ते पोचलं. क्रीडा प्रतिनिधीने माझ्या टेबलापाशी येऊन, “उंच उडीत सुवर्ण,” एवढंच म्हटलं. संपादकांनी विचारलं, “हे तर हसतायत सगळे. मूळ आवाजाचं चित्रण आहे का?” आणि प्रशासनाचा कागद आला: ‘सदर चित्रफितीत आपण हसताना दिसून येता. सबब त्या समयी आपणास आनंद झाला किंवा कसे, याचा खुलासा करावा. झाला असल्यास सदर कालावधी रजेत वर्ग करण्यात येईल. कुटुंबाबाबत स्वतंत्र खुलासा जोडावा.’

मूळ आवाज! मला एकदम हुरूप आला. मी मुलीकडून मूळ चित्रण घेतलं, तिघं टेबलाशी बसलो आणि लावलं. तोंडभर हसणारा मी दातांतून बोलत होतो: “बंद कर ते, गाढवे. तुझ्या आजोबाला आवर. बर्फाला आग लागो. त्या दिग्दर्शकाला इथे आणून टांगा.” एक वाक्य बायकोबद्दलही होतं, ते इथे देत नाही. मी टेबलावर हात आपटला. पुरावा मिळाला होता. चेहरा खोटा, आवाज खरा. शुक्रवार माझा.

“थांब, अजून आहे,” मुलगी म्हणाली.

मग अठ्ठ्याऐंशी. मग शिवणीचा आवाज, मग धप्प. पडदा पांढरा. क्षणभर काही नाही. मग अप्पांचा आवाज: “पट्टा कमकुवत. लिफ्टचा दोष नाही.” आणि मग कोणीतरी हसायला लागलं. ती बायको होती. ती अशी हसते हे मी विसरलो होतो. श्वास घ्यायचं विसरून, मध्येच घोड्यासारखी. मुलगी हसायला लागली. तिसरा आवाज कोणाचा ते मला कळेना. डब्यात अडकलेला उंदीर ओरडावा तसा तो होता, आणि थांबत नव्हता. “अहो,” बायको पांढऱ्यातून म्हणाली, “परत एकदा लटकता का? मला नीट दिसलं नाही,” आणि उंदीर आणखी ओरडला.

“हा कोण?” मी विचारलं.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

कॅमेरा कोणावरही नव्हता. कोणी कोणाला दाखवण्यासाठी हसत नव्हतं. वास्तववादाच्या दृष्टीने यात खोट काढायला कुठेच जागा नव्हती, आणि मी ती बराच वेळ शोधली.

“हे बघ,” मी मुलीला म्हणालो, “संपादकांना द्यायचंय ते धप्पपर्यंतच पुरे. पुढे तसंही काही दिसत नाही. तेवढं कापून दे.”

“कापून?” ती म्हणाली. “बाबा, कट आला की काय येतं म्हणाला होतास?”

मी बायकोकडे पाहिलं. गणिताच्या बाईंनी प्रशासनाचा कागद पुढे ओढून वाचला.

“लिहा की,” ती म्हणाली. “आनंद झाला नाही, कुटुंबालाही नाही. तुमचा शुक्रवार परत मिळेल, रजाही वाचेल. आम्ही वाचू पेपरात.” तिने चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि कागदावर ठेवला. “खुलासा लिहायला बसलात की सांगा, उचलते.”

हा मजकूर लिहून होईपर्यंतची स्थिती अशी. वरिष्ठ डोंगरावरून खाली उतरले आहेत. चेअरलिफ्टचं प्रमाणपत्र नवं करून घेतल्याचं पत्र अप्पांना आलं आहे. संपादकांनी मूळ चित्रण आज पुन्हा मागितलं. मी मोबाईल घरी राहिल्याचं सांगितलं, तेव्हा तो माझ्या खिशात वाजला. या शुक्रवारच्या परीक्षणाचं शीर्षक क्रीडा प्रतिनिधीचं लावून झालं आहे. कप अजून कागदावरच आहे.